भांड्यावरचे नाव

लिनक्सच्या टर्मिनलवर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे सॉफ्टवेअरचे नाव लिहून एंटर दाबले की दोन-चार मिनिटांत ते वापरायला तयार होते. ‘ॲप्ट रिमूव्ह’ लिहिले की निघूनही जाते. या दोन आज्ञा इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांच्यामागे तीसहून अधिक वर्षांची खटपट आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. आलेले सॉफ्टवेअर संगणकात कुठे कुठे पसरले? त्याने आपल्याबरोबर आणखी कोणाला आणले? आणि ते ‘गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय गेले आणि काय मागे राहिले? युनिक्सच्या कुळातल्या प्रणालींनी या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती एकत्र पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. सॉफ्टवेअर टाकण्याच्या पद्धतीची खरी पारख ते काढताना होते. ज्या पद्धतीने नोंद नीट ठेवली, तिलाच ते नीट काढता येते. नोंद जिथे संपते, तिथून पुढची जबाबदारी माणसाची.

वही नसताना

युनिक्समध्ये एका सॉफ्टवेअरचे सामान एका जागी राहत नाही. चालवायची फाइल ‘बिन’ डिरेक्टरीत, लायब्ररी ‘लिब’मध्ये, माहितीची पाने ‘मॅन’मध्ये, सेटिंग ‘ईटीसी’मध्ये आणि चालताना साठत जाणारा ऐवज ‘व्हार’मध्ये. मांडणी मालकाप्रमाणे नाही, प्रकाराप्रमाणे आहे. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांची ताटे एका फळीवर आणि सगळ्यांच्या वाट्या दुसऱ्या फळीवर असतात, तशी. रोजच्या वापराला ही रचना सोयीची, कारण हवी ती वस्तू कुठे शोधायची हे ठरलेले असते. पण वेगळे निघायची वेळ आली की कोणते भांडे कोणाचे हे कळण्यासाठी त्यावर नाव कोरलेले असावे लागते.

सुरुवातीच्या काळात ही सोय नव्हती. सॉफ्टवेअर सोर्स कोडच्या रूपात, टार फाइलमध्ये बांधून येई. ‘टार’ ही आज्ञा १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधली. कोणती फाइल आधी कंपाइल करायची हे ठरवणारे ‘मेक’ त्याही आधीचे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिले. १९९१ मध्ये ‘ऑटोकॉन्फ’ आले आणि समोरच्या यंत्राचा अंदाज घेऊन कोड जुळवून घेणे सोपे झाले. तेव्हापासून ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ ही तीन पावले युनिक्सवाल्यांच्या तोंडी बसली.

यातले तिसरे पाऊल फाइली जागोजागी पसरून देते आणि विसरून जाते. ‘मेक अनइन्स्टॉल’ चालते, पण लेखकाने ती सोय लिहिली असेल आणि आपण तीच सोर्स डिरेक्टरी जपून ठेवली असेल तरच. नाहीतर एकेक फाइल हाताने हुडकावी लागते. मागे राहिलेले सामान निरुपद्रवी असते असेही नाही. ‘यूएसआर-लोकल’मध्ये जुनी लायब्ररी पडून असेल आणि संगणक ती नव्या लायब्ररीच्या आधी उचलत असेल, तर आज टाकलेला प्रोग्राम दोन वर्षांपूर्वीच्या अवशेषामुळे कोसळतो. असा दोष शोधण्यात दिवस जातो, कारण दोषी कोण याची कुठेच नोंद नसते.

हाताने टाकलेले सगळे ‘यूएसआर-लोकल’मध्येच ठेवायचे हा संकेत या अनुभवातूनच रुजला. ‘स्टो’सारख्या छोट्या साधनाने त्यापुढे जाऊन प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र खोली दिली आणि सामायिक फळीवर फक्त सांकेतिक दुवे ठेवले. दुवे काढले, खोली पुसली, की काम झाले. या साध्या कल्पनेला पुढे मोठे भविष्य मिळाले.

नाव कोरणारे

व्यावसायिक युनिक्समध्ये पॅकेजची, म्हणजे फाइली आणि त्यांची नोंद एकत्र बांधण्याची, कल्पना आधीच आली होती. सिस्टम फाइव्ह रिलीज फोरमध्ये ‘पीकेजीॲड’ आणि ‘पीकेजीआरएम’ अशी आज्ञांची जोडीच होती. लिनक्सच्या जगात १९९३ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी पॅट्रिक फोल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आले आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली.

स्लॅकवेअरची वही, म्हणजे कोणी काय आणले याची नोंद, सगळ्यांत साधी. प्रत्येक पॅकेजमागे एक मजकूर फाइल आणि तिच्यात त्या पॅकेजने आणलेल्या फाइलींची यादी. काढताना ती यादी वाचायची आणि फाइली पुसायच्या. एखादी फाइल दुसऱ्याही पॅकेजच्या यादीत असेल तर तिला हात लावायचा नाही. कोणाला कोणाची गरज आहे ही चौकशी स्लॅकवेअर करत नाही. ते वापरणाऱ्याने पाहायचे.

डेबियनच्या ‘डीपीकेजी’ने वही अधिक तपशिलाने लिहायला घेतली. इयन जॅक्सन यांनी १९९४ मध्ये ते सी भाषेत नव्याने लिहिले. डेबियनच्या पॅकेजमध्ये तीन गोष्टी असतात: स्वरूपाची आवृत्ती, नियंत्रणाची माहिती आणि प्रत्यक्ष फाइली. नियंत्रणाच्या भागात नाव, आवृत्ती, गरजा, कोणाशी जमत नाही याची कबुली आणि टाकण्याआधी, टाकल्यानंतर, काढण्याआधी व काढल्यानंतर चालवायच्या चार छोट्या स्क्रिप्टा असू शकतात. १९९५ मध्ये रेड हॅटने मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी लिहिलेले ‘आरपीएम’ आणले. फ्रीबीएसडीत जॉर्डन हबर्ड यांच्या कामातून पॅकेजची साधने आणि ‘पोर्ट्स’ उभे राहिले. ‘पोर्ट्स’मध्ये सोर्सपासून बांधण्याची कृतीच व्यवस्थित लिहून ठेवलेली असते.

या सगळ्यांनी दिलेली मोठी देणगी म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय. डिस्कवरच्या कुठल्याही फाइलकडे बोट दाखवून ‘ही कोणाची?’ असे डीपीकेजीला विचारता येते. उलट, अमक्या पॅकेजने काय काय आणले, तेही कळते. आरपीएम तर मूळ नोंदीशी ताडून फाइलीचा आकार, परवानगी, मजकुराचा ठसा यात कुठे बदल झाला आहे का ते सांगते. भांड्यावर नाव आले.

सोबत येणारी मंडळी

नाव कोरून अर्धाच प्रश्न सुटला. युनिक्सवरचा प्रोग्राम सहसा एकटा येत नाही. त्याला लायब्ररी लागतात आणि त्या लायब्ररींना आणखी लायब्ररी. सुरुवातीची साधने एवढेच सांगत, की अमुक नाही, म्हणून मी टाकणार नाही. मग माणूस ती फाइल शोधून आणी, तर तिला तिसरीच हवी असे. आरपीएम वापरणाऱ्यांच्या एका पिढीने या चक्रात रात्री घालवल्या आणि ‘डिपेंडन्सी हेल’ हा शब्द त्यातूनच सगळ्यांच्या तोंडी झाला.

१९९८ मध्ये आलेल्या ‘ॲप्ट’ने हे चक्र मोडले. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ पासून ते रीतसर सोबत येऊ लागले. सगळी पॅकेजे एका भांडारात, भांडाराची अनुक्रमणिका आपल्या संगणकावर, आणि लागणारी सगळी मंडळी साधनानेच योग्य क्रमाने आणायची. आरपीएमच्या बाजूला हेच काम ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल यांच्या पुढाकाराने घडलेल्या ‘यम’ने केले. २०१५ च्या फेडोरा २२ पासून त्याची जागा ‘डीएनएफ’ने घेतली. आर्च लिनक्सचे ‘पॅकमन’ २००२ चे.

हे काम वरून दिसते त्यापेक्षा अवघड आहे. ‘क’ला ‘ख’ची दुसरी आवृत्ती हवी, ‘ग’ला पहिली चालते पण ‘घ’ शेजारी नको, अशा हजारो अटी एकत्र जुळवायच्या असतात. या प्रश्नाचा गाभा संगणकशास्त्रातल्या अतिशय कठीण मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे ईडॉस या युरोपीय प्रकल्पातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. तरी व्यवहारात उत्तर क्षणात मिळते. त्याचे श्रेय तर्कशास्त्रीय अटी सोडवणाऱ्या चांगल्या सॉल्व्हरना आणि भांडार सुसंगत ठेवणाऱ्या माणसांना आहे. ओपनसुसेने २००८ च्या सुमारास असा सॉल्व्हर रोजच्या वापरात आणला.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक प्रोग्रामने आपल्या लायब्ररी स्वतःबरोबर का आणू नयेत? याचे उत्तर ७ एप्रिल २०१४ रोजी मिळाले. त्या दिवशी ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. जिथे ही लायब्ररी सामायिक होती तिथे एक पॅकेज बदलून, ती वापरणाऱ्या सेवा पुन्हा सुरू केल्या की भोक बुजले. जिथे प्रत्येकाने आपापली प्रत पोटात ठेवली होती तिथे एकेक प्रत शोधत बसावे लागले. मराठी वाचकाच्या परिचयाचे सौम्य उदाहरण म्हणजे ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्ट. पॅकेज म्हणून तो एकदा टाकला की ब्राउझरपासून कार्यालयीन सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्यांना मिळतो, आणि त्यातले एखादे जोडाक्षर सुधारले तर ते सगळीकडे सुधारते.

काढताना काय घडते

सगळ्यांत बारकाईने पाहायचा भाग हा आहे, आणि सर्वांत कमी लक्ष याच्याकडे जाते.

पहिला प्रश्न सेटिंगचा. ‘ईटीसी’मधली फाइल पॅकेजने आणली, पण नंतर ती आपण बदलली. आता ती कोणाची? डेबियनने काढण्याचे दोन प्रकार केले. ‘रिमूव्ह’ प्रोग्राम काढतो आणि सेटिंग ठेवतो. ‘पर्ज’ सेटिंगही पुसतो. काढलेल्या पण सेटिंग शिल्लक असलेल्या पॅकेजापुढे यादीत ‘आरसी’ ही दोन अक्षरे दिसतात. आरपीएम बदललेली फाइल ‘आरपीएमसेव्ह’ अशी शेपटी जोडून बाजूला ठेवते, पॅकमन ‘पॅकसेव्ह’ जोडतो. तिन्हींच्या मुळाशी एकच सभ्यता आहे: माणसाच्या हाताने केलेले काम न विचारता पुसायचे नाही.

दुसरा प्रश्न साठलेल्या माहितीचा. डेटाबेसचे पॅकेज काढले म्हणजे त्यातली माहिती नको झाली असे नाही. म्हणून डेबियनमध्ये काही डेटाबेस पॅकेजे पर्ज करताना माहिती पुसायची का, असे वेगळे विचारतात. त्या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणणे महागात पडू शकते. काही सेवा आपल्यासाठी स्वतंत्र वापरकर्ता तयार करतात. पॅकेज गेल्यावर तो वापरकर्ता पुष्कळदा मुद्दाम ठेवला जातो. तो पुसला आणि त्याचा क्रमांक उद्या दुसऱ्याला मिळाला, तर मागे राहिलेल्या जुन्या फाइलींची मालकी आपोआप त्या नवख्याकडे जाईल.

तिसरा प्रश्न सोबत आलेल्या मंडळींचा. ज्याच्यासाठी आल्या तो गेला; आता या लायब्ररींचे काय? त्यासाठी वहीत आणखी एक रकाना लागला: हे पॅकेज माणसाने मागितले होते की आपोआप आले? तो असल्यामुळेच ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ला निराधार पॅकेजे ओळखता येतात. डीएनएफ ही साफसफाई काढतानाच करते. पण एखादी लायब्ररी पुढे आपण स्वतः लिहिलेला प्रोग्राम वापरू लागला असेल, तर वहीला त्याची खबर नसते. ती निराधार ठरते आणि जाते. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी यादी वाचायची.

यादी न वाचल्याचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिले. पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर टाकताना पॅकेजांच्या आवृत्त्यांचा मेळ बसला नाही, आणि ॲप्टने काढलेल्या तोडग्यात डेस्कटॉपची आवश्यक पॅकेजेच काढली जाणार होती. साधनाने इशारा दिला आणि पुढे जायचे असेल तर एक पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले. वापरणाऱ्याने ते टाइप केले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. त्यानंतर असा मार्ग सहजासहजी उघडू नये म्हणून ॲप्टमध्ये बदल झाला. चूक एकट्या माणसाची नव्हती. टाकण्याची आज्ञा देणाऱ्याला ही काढण्याचीही आज्ञा आहे हे ठळकपणे दिसायला हवे होते.

चौथी गोष्ट युनिक्सच्या स्वभावातली आहे. इथे फाइल पुसणे म्हणजे तिचे नाव पुसणे. एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडून ठेवली असेल तर मजकूर तसाच राहतो, आणि शेवटच्या वापरणाऱ्याने सोडल्यावरच जागा मोकळी होते. म्हणूनच युनिक्सवर चालू असलेला प्रोग्राम बदलता येतो, काढताही येतो. पण सुरक्षेची दुरुस्ती केल्यानंतरही जुनी लायब्ररी स्मृतीत जिवंत राहते, तीही याचमुळे. सेवा पुन्हा सुरू करेपर्यंत बदल डिस्कवर झालेला असतो, वागण्यात नाही.

एका घरात दोन वह्या

आज काढण्याचा मोठा गोंधळ वेगळ्याच कारणाने होतो. पायथनचे ‘पिप’, जावास्क्रिप्टचे ‘एनपीएम’, अशी प्रत्येक भाषेची आपली पॅकेजे आणि आपली वही आहे. पिपने रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मालकाच्या, अधिकाराने डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वितरणाच्या) पायथनमध्ये काही टाकले, की ज्या फाइलीवर ॲप्टचे नाव आहे तिच्या जागी दुसरीच येऊन बसते. त्यानंतर कोणत्याच वहीतले खरे राहत नाही. पायथनच्या मंडळींनी यावर नियम केला, आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये पिप डिस्ट्रोच्या पायथनमध्ये लुडबूड करायला सरळ नकार देऊ लागले. त्यासाठी स्वतंत्र आभासी परिसर करायचा. आरंभी हा नकार अनेकांना जाचला, पण त्यामागचे कारण रास्त आहे.

इंटरनेटवरून स्क्रिप्ट खेचून ती थेट रूटच्या अधिकाराने चालवायची, ही रीत याहून घातक. तिच्यात नोंद नाही, यादी नाही आणि परतीची वाटही नाही. तीन दशकांच्या मेहनतीला वळसा घालून आपण पुन्हा ‘मेक इन्स्टॉल’च्या दिवसांत जातो.

वेगळ्या वाटा

काहींनी वही सुधारण्याऐवजी घराची रचनाच बदलली. फ्रीबीएसडीने परंपरेने मूळ प्रणाली आणि बाहेरची पॅकेजे यांच्यात स्पष्ट कुंपण घातले: बाहेरचे सगळे ‘यूएसआर-लोकल’मध्ये. सगळी पॅकेजे काढली तरी मूळ प्रणाली शाबूत राहते. मॅकवरचे ‘होमब्रू’, मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये सुरू केलेले, प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र डिरेक्टरी देऊन बाहेर दुवे ठेवते. ‘स्टो’चीच कल्पना मोठी होऊन परत आली.

सगळ्यांत मूलगामी विचार ‘निक्स’चा. एल्को डोल्स्त्रा यांनी २००६ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला. निक्समध्ये प्रत्येक पॅकेज अशा डिरेक्टरीत बसते, जिच्या नावात ते बांधायला लागलेल्या सगळ्या घटकांचा ठसा असतो. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दहा आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात. टाकणे किंवा काढणे म्हणजे दुव्यांची नवी पिढी तयार करणे. बिघडले तर मागच्या पिढीकडे परतायचे. ज्यांच्याकडे कोणताच दुवा जात नाही ती पॅकेजे पुढे सवडीने झाडून काढायची. काढण्याच्या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: डिस्कवरच्या जागेत आणि शिकण्याच्या कष्टात.

ओपनसुसेचे ‘स्नॅपर’ बदलाच्या आधी आणि नंतर फाइल प्रणालीचे चित्र टिपून ठेवते. सोलॅरिस ११ ने झेडएफएस या फाइल प्रणालीच्या जोरावर अशीच परतीची वाट दिली. ‘फ्लॅटपॅक’ आणि ‘स्नॅप’ यांनी प्रोग्रामला त्याच्या गरजेच्या सामानासह कप्प्यात बंद केले. काढणे त्यामुळे सुटसुटीत झाले. स्नॅप काढताना वापरकर्त्याच्या माहितीची प्रत काही दिवस जपून ठेवते, आणि फ्लॅटपॅकला माहितीही पुसायची असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. पण प्रत्येक कप्प्यात कोणती लायब्ररी कितपत जुनी आहे, हा हार्टब्लीडच्या दिवसाचा प्रश्न इथे पुन्हा दारात उभा राहतो.

वही लिहिणारी माणसे

पॅकेजच्या स्क्रिप्टा रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणजे पॅकेज टाकणे हे आपल्या घराची किल्ली देणे आहे. डेबियनमध्ये भांडाराची अनुक्रमणिका सही केलेली असते आणि तिच्यातून प्रत्येक फाइलीच्या ठशापर्यंत साखळी पोहोचते; वाटेत कोणी फाइल बदलली तर ती पकडली जाते. पण सही पाठवणाऱ्याची ओळख पटवते, आतल्या मजकुराची निर्मळता नाही.

मे २००८ मध्ये कळले, की डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात २००६ साली केलेल्या एका सद्हेतूच्या बदलामुळे गुप्त किल्ल्यांमधला यादृच्छिकपणा जवळजवळ संपला होता. एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्ल्या एका यंत्रावर फक्त ३२,७६८ निघू शकत होत्या. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या दाबून साठवण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. लक्ष्य होते दूरस्थ लॉगिनची सेवा. ती सेवा एक्सझेड थेट वापरतसुद्धा नाही. काही डिस्ट्रोंनी तिला सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीशी जोडल्यामुळे ही लायब्ररी मागच्या दाराने आत येत होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला आणि ती आवृत्ती स्थिर डिस्ट्रोंमध्ये पसरण्याआधीच पकडली गेली.

या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिलीत भांडार राखणाऱ्याच्या हातून चूक झाली. दुसरीत भांडारांचा सावकाशपणा, म्हणजे नवी आवृत्ती लगेच सर्वांना न देता आधी पारखून घेण्याची शिस्त, उपयोगी पडली. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. त्यांच्यामागे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. गरजा ठरवणे, काढण्याच्या स्क्रिप्टा लिहिणे, दुरुस्त्या आणणे हे काम ते निगुतीने करतात, आणि ते नीट झाले की कोणाला दिसतही नाही.

मग वापरणाऱ्याने काय करावे? शक्यतो एकाच वहीतून टाकावे. भाषेची पॅकेजे त्यांच्या वेगळ्या परिसरात ठेवावीत. हाताने बांधलेले ‘यूएसआर-लोकल’च्या बाहेर जाऊ देऊ नये. काढण्याआधी यादी शेवटपर्यंत वाचावी, आणि ‘पर्ज’ म्हणण्याआधी ‘ईटीसी’ व ‘व्हार’मधल्या कामाच्या गोष्टींची प्रत घ्यावी.

एक गोष्ट मात्र डीपीकेजी, आरपीएम आणि पॅकमन या तिन्ही जुन्या वह्यांनी पाळली आहे. वापरकर्त्याच्या घरच्या डिरेक्टरीला त्या हात लावत नाहीत. पॅकेज पर्ज केले तरी तिथल्या ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली, जुन्या आवडीनिवडी आणि अर्धवट मसुदे तसेच राहतात. अनेकांना तो कचरा वाटतो आणि साधनाने तोही न्यावा असे वाटते. मला यात त्या साधनांचा शहाणपणा दिसतो. ज्यावर आपण नाव कोरले तेवढेच परत न्यायचे, ही मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली आहे. ज्या भांड्यावर कोणत्याच पॅकेजचे नाव नाही ते आपले; ते जपायचे की मोडीत काढायचे, हे आपणच ठरवायचे आहे.